लहरींचा वर्णपट

रेडिओचे बटण फिरवून केंद्र लावण्याची क्रिया आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यात एक मोठी उणीव आहे हे सहसा ध्यानात येत नाही. काटा एका जागी स्थिर झाला की बाकीचे सारे आकाश आपल्यापुरते मुके होते. शेजारच्याच लहरीवर कोणी मदतीसाठी हाक मारीत असला, तरी ती आपल्या कानी पडत नाही. आणि काटा तिकडे न्यावा तोवर ती हाक थांबलेलीही असते. दाराच्या फटीतून जत्रा पाहणाऱ्याला जेवढी जत्रा दिसेल, तेवढेच आकाश ग्राहकयंत्राला ऐकू येते. ही फट जाऊन सगळे मैदान एकदम नजरेत यावे, यासाठी झालेल्या खटपटीचा इतिहास मनोरंजक आहे. त्यातला एक महत्त्वाचा अध्याय मोठ्या प्रयोगशाळेत नव्हे, तर हौशी रेडिओचालकांच्या टेबलावर लिहिला गेला, आणि त्याची लेखणी होती संगणकातील साउंड कार्ड.

हौशी रेडिओचालक म्हणजे सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवणारा आणि स्वतःच्या घरातून, कोणताही मोबदला न घेता, जगभरच्या समानशीलांशी बिनतारी संभाषण करणारा माणूस. आपल्या देशात अशा मंडळींचा अमॅच्युअर रेडिओ क्लब १९४८ साली माळव्यातील महू येथे स्थापन झाला. आपत्तीच्या वेळी या छंदाचे मोल कळते. २६ डिसेंबर २००४ रोजी सुनामीने अंदमान-निकोबारला तडाखा दिला, तेव्हा हौशी चालकांचे एक पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअर येथेच होते; दळणवळण तुटलेल्या त्या बेटांवरून त्याने निरोप मुख्य भूमीकडे पोहोचवले. अशा प्रसंगी क्षीण हाक हुकणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

लहरींकडे ‘पाहण्याची’ कल्पना तशी जुनी आहे. न्यूटनने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले, त्याला आपण वर्णपट म्हणतो. पुढे १८२२ साली फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने उष्णतेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणतीही गुंतागुंतीची लहर साध्या लहरींच्या बेरजेतून उभी करता येते, हा त्यातील सिद्धान्त म्हणजे गणिताचा लोलकच होय. मात्र हा लोलक वापरायचा तर आकडेमोड अफाट करावी लागे.

दुसऱ्या महायुद्धात अभियंत्यांनी ही आकडेमोड टाळून वेगळी वाट काढली. ग्राहकयंत्रातील ४५५ किलोहर्ट्झची मधली लहर घ्यायची, तिच्या आजूबाजूचा पट्टा एका फिरत्या चाळणीने सतत चाचपायचा आणि सापडलेल्या संदेशांचे उंचवटे ऋणकिरण-नळीच्या पडद्यावर उमटवायचे, अशी ही युक्ती होती. शत्रूचे प्रेषक हुडकण्यास ती फार उपयोगी पडली. युद्ध संपल्यावर ‘पॅनाडॅप्टर’ नावाची ही यंत्रे लष्कराच्या जादा मालातून काही हौशी चालकांच्या हाती आली. पण तिच्यातही फटीचा दोष उरलाच होता. चाचपणारी चाळणी पट्ट्याच्या एका टोकाला असताना दुसऱ्या टोकाला वाजून गेलेला मोर्सचा ठिपका तिला दिसत नसे.

पुढचे पाऊल १९६५ साली पडले. कूली आणि टुकी या अमेरिकन गणितज्ञांनी फूरियेची आकडेमोड झपाट्याने करण्याची रीत प्रसिद्ध केली. या रीतीमागे अणुयुगाची काळजी होती: भूकंपमापकांच्या नोंदी चाळून दूरदेशीचे अणुस्फोट ओळखता यावेत, हा तिच्या मागील एक हेतू होता. जुन्या रीतीने १,०२४ नमुन्यांचे पृथक्करण करायचे तर सुमारे साडेदहा लाख गुणाकार लागत. नव्या रीतीने ते काम दहाएक हजारांत उरकू लागले. गाउसने १८०५च्या सुमारास हीच युक्ती जाणली होती, पण ती त्याच्या कागदांत पडून राहिली. ज्ञान असून चालत नाही, त्याला काळाची गरजही भेटावी लागते, याचे हे बोलके उदाहरण होय.

रीत सापडली, तरी लहर संगणकात शिरणार कशी? ती आकड्यांत बदलणारे उपकरण त्या काळी महाग होते. ते स्वस्त झाले ते खेळांमुळे. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह या कंपनीने ‘साउंड ब्लास्टर’ हे कार्ड बाजारात आणले आणि मुलांच्या संगणकी खेळांना आवाज मिळाला. पुढच्या काही वर्षांत अशी कार्डे सेकंदाला ४४,१०० नमुने, तेही प्रत्येकी ६५,५३६ पायऱ्यांच्या मापाने, घेऊ लागली. खेळण्यासाठी घेतलेल्या वस्तूत अचूक मोजमापाचे एक यंत्र दडलेले आहे, हे हौशी चालकांनी नेमके हेरले.

इंग्लंडमधील पीटर मार्टिनेझ यांनी १९९८च्या अखेरीस साउंड कार्डावर चालणारी ‘पीएसके३१’ ही अक्षरसंदेशाची पद्धत प्रसारित केली. माणसाच्या बोलण्याला सुमारे अडीच-तीन हजार हर्ट्झचा पट्टा लागतो. या पद्धतीला केवळ तीसएक हर्ट्झ पुरत. बोलण्याच्या एका संभाषणाच्या जागेत आता अनेक संभाषणे मावू लागली. पण इतका अरुंद संदेश कानाने शोधणार कसा? तेव्हा पडद्यावर ‘धबधबा’ अवतरला. आडवी दिशा कंप्रतेची, उभी दिशा काळाची आणि रंग लहरीच्या जोराचा. दर क्षणाची रेषा वर उमटते आणि खाली सरकत जाते. संथ चालणारा प्रेषक सरळ उभ्या धारेसारखा दिसतो, डळमळणारा वाकडातिकडा वाहतो. कानाला जो केवळ खरखराट वाटतो, त्यात डोळ्याला एक बारीक, चिवट रेघ दिसते.

तरीही दिसत होता तो तीन किलोहर्ट्झचाच तुकडा. तो रुंदावण्याची युक्ती मोठी रम्य आहे. आलेली लहर स्थानिक आंदोलकाच्या लहरीत मिसळली की दोहोंमधला फरक श्राव्य कंप्रतेवर उतरतो. पण पाच किलोहर्ट्झचा स्वर निघाला, तर मूळ संदेश आंदोलकाच्या पाच किलोहर्ट्झ वर होता की खाली, हे त्यावरून कळत नाही. म्हणून लहरीच्या दोन प्रती करतात आणि दुसरीसाठी आंदोलक पाव आवर्तनाने मागे ठेवतात. एक प्रत कार्डाच्या डाव्या वाटेने जाते, दुसरी उजव्या. दोहोंतले पुढेमागेपण पाहून संगणक वरचा आणि खालचा संदेश वेगळा करतो. संगीत दोन कानांनी ऐकता यावे म्हणून केलेली सोय अशी आकाशाच्या दोन बाजू ओळखण्याच्या कामी आली! सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या साध्या कार्डाने ४८ किलोहर्ट्झचा पट्टा एकाच वेळी पडद्यावर येऊ लागला. आणि तो सतत, क्षणाचीही फट न ठेवता.

अमेरिकेतील जेराल्ड यंगब्लड यांनी २००२ सालापासून ‘क्यूईएक्स’ या नियतकालिकात चार लेख लिहून अशा रेडिओची रचना सर्वांसमोर उघड मांडली. स्वीडनमधील लेइफ ओस्ब्रिंक यांची ‘लिनरॅड’ ही आज्ञावली याच वाटेवरची. पुढे ‘सॉफ्टरॉक’ नावाचे छोटे संच निघाले आणि अल्प पैशांत, हातात डाखणी घेऊन, कोणालाही हा प्रयोग घरी करता आला.

अर्थात या चित्रात भुतेही असतात. दोन वाटा तंतोतंत समान नसल्या की खऱ्या संदेशाचे खोटे प्रतिबिंब दुसऱ्या बाजूला उमटते. विजेच्या ५० हर्ट्झची गुणगुण पट्ट्याच्या मधोमध येऊन बसते. शिवाय निसर्गाचाही एक नियम आड येतो: एक हर्ट्झ इतका सूक्ष्म भेद पाहायचा, तर सुमारे एक सेकंद ऐकावेच लागते. बारकाई हवी तर धीर हवा. घाई केली तर चित्र पुसट येते.

आज त्या कार्डाचे कामही अन्य उपकरणांनी घेतले आहे. दूरचित्रवाणी पाहण्यासाठी विकली जाणारी बोटाएवढी वस्तू दोन मेगाहर्ट्झहून रुंद पट्टा दाखवू शकते, हे २०१२च्या सुमारास सर्वांना कळले. पुष्कळ नव्या यंत्रांत धबधबा बसवूनच येतो. पण जुनी वाट बुजलेली नाही. पल्सार ताऱ्यांच्या संशोधनासाठी १९९३चे नोबेल पारितोषिक मिळवणारे जोसेफ टेलर स्वतः हौशी चालक आहेत. त्यांनी स्टीव्हन फ्रँके यांच्यासह २०१७ साली दिलेली ‘एफटी८’ ही पद्धत जगभर आजही श्राव्य ध्वनीच्या याच मार्गाने चालते.

लष्कराच्या खोलीतली नजर सामान्य माणसाच्या घरी आली, ती कोणी बहाल केली म्हणून नव्हे. खेळण्याच्या वस्तूकडे जिज्ञासेने पाहणारे काही लोक होते, आणि सापडलेले गुपित त्यांनी आपल्यापाशी ठेवले नाही, म्हणून ती आली. पडद्यावरची रेघ कोठे कोणी तरी आहे एवढेच सांगते. तो कोण आहे आणि त्याला काय हवे आहे, हे समजण्यासाठी श्रोतेहो, अखेर ऐकावेच लागते.