द्रुविद्

ज्युलिएट मॅरिलिये यांची ‘डॉटर ऑफ द फॉरेस्ट’ (१९९९) ही कादंबरी जुन्या आयर्लंडात घडते. सेव्हनवॉटर्स नावाचं अरण्य, तिथलं एक घराणं, सात भावंडं; त्यांतला कॉनर ड्रुइडांच्या, म्हणजे जुन्या केल्टिक पुरोहितांच्या, वाटेनं जातो. ही गोष्ट मराठीत सांगायची तर ‘ड्रुइड’ला काय म्हणावं? ओठांवर आधी ‘मांत्रिक’ येतो. पण तो वापरला की शब्दातलं झाडच तुटतं.

जुन्या आयरिशमध्ये एकवचन ‘द्रुई’, अनेकवचन ‘द्रुइद’. अभ्यासक त्याची फोड ‘द्रु’ आणि ‘विद्’ अशी करतात. मराठी माणसाला ती फारशी समजावावी लागत नाही. द्रुमातला द्रु म्हणजे झाड. वेद, विद्या, विद्वान यांतला विद् म्हणजे जाणणं. द्रुइड म्हणजे झाड जाणणारा. काहीजण इथे ‘द्रु’चा अर्थ ‘भक्कम’ घेतात. मग तो होतो पक्का जाणकार. दोन्ही अर्थ एकाच मुळाचे असावेत, कारण भक्कमपणा माणूस ओकच्या लाकडावरूनच शिकला असणार. मला स्वतःला झाडच पटतं.

पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीलाही या नावात ओकसाठीचा ग्रीक शब्द ऐकू आला होता. पांढऱ्या वस्त्रातला ड्रुइड ओकवर चढून सोन्याच्या कोयत्यानं बांडगूळ कापतो, असं त्यानं लिहून ठेवलंय. आपण ज्याची शिवी केली, ते बांडगूळ गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या केल्टिक लोकांत, इतकं पवित्र होतं! ड्रुइडांनी स्वतः मात्र आपली विद्या लिहिली नाही. ती पाठ करण्यात काहींची २० वर्षं जात, असं सीझर सांगतो. वेदपाठशाळा माहीत असलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. पण आपली पाठांतरं टिकली, त्यांची गेली; उरलं ते परक्यांनी लिहिलेलं.

आयर्लंडात ख्रिस्ती लेखकांनी बायबलमधल्या ‘मॅगस’साठी, म्हणजे जादूगारासाठी, हाच ‘द्रुई’ वापरला आणि जाणत्याचा जादूगार होत गेला. आजच्या आयरिशमध्ये याच शब्दापासून आलेल्या ‘द्रीअख्त’चा अर्थ जादू. म्हणजे झाड तिथंही तुटलं.

आयरिश गावांच्या नावांत मात्र ते उभं आहे. किल्डेअर म्हणजे ‘किल दारा’, ओकचं चर्च; डेरी म्हणजे ओकची राई. हा ‘दारा’ आपल्या दारूचा, म्हणजे संस्कृतातल्या लाकूडवाचक ‘दारु’चा, सख्खा नातलग. देवदारात तो आहे, दारुहळदीत आहे. मसाल्याच्या डब्यातल्या दालचिनीतही आहे. ती फारसीतून आली, मूळची ‘दारचीनी’, चीनचं लाकूड.

म्हणून कॉनरला मी मांत्रिक म्हणणार नाही. ‘द्रुविद्’ म्हणेन.