क्रिकेट प्रक्षेपणाचे हक्क : बोली कोटींची, भुर्दंड प्रेक्षकाला

आयपीएलचे प्रक्षेपण हक्क लिलावाने विकले जातात. २०१७ मध्ये सोनी, फेसबुक आदींनी वेगवेगळ्या गटांसाठी बोली लावल्या. पण त्यांतील सर्वोच्च बोलींच्या बेरजेपेक्षाही स्टार इंडियाची एकत्रित बोली, १६,३४७.५ कोटी रुपयांची, मोठी ठरली. हा एकगठ्ठा पर्याय मुंबईस्थित क्रिकेट मंडळाने २०२२ मध्ये काढून टाकला. २०२३ ते २०२७ साठीचे भारतातील दूरचित्रवाणी हक्क स्टारने २३,५७५ कोटींना, तर डिजिटल हक्क व्हायकॉम१८ने २०,५०० कोटींना घेतले. ग्राहक ओढण्यासाठी व्हायकॉम१८ने २०२३ मध्ये मोबाइलवर सामने फुकट दाखविले. अंबरनाथ एमआयडीसीतून लोकलने घरी परतणाऱ्या कामगारालाही ते परवडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मात्र हे दोघे प्रतिस्पर्धी ‘जिओस्टार’मध्ये एकत्र आले आणि २०२५ च्या हंगामात काही मिनिटांनंतर वर्गणी भरावी लागली.