मिठीचं खोरं

मिठी नदी उगम पावते कुठे, असं मुंबईत कुणाला विचारलं तर उत्तर येतं, विहार तलावात. म्हणजे धरणाच्या सांडव्यात. साष्टीच्या डोंगरातलं पावसाचं पाणी त्याआधीही ओहळांनी खाली उतरतच होतं. पण शहराला विहिरी आणि तळी पुरेनात, म्हणून 1856 मध्ये इथे बांध घालायला घेतला आणि 1860 मध्ये तो पुरा झाला. वरच्या अंगाला तुळशी 1879 मध्ये आला, खाली पवई 1890च्या सुमारास. पवईचं पाणी पिण्याजोगं निघालं नाही, तो भाग वेगळा. तेव्हापासून डोंगराचं पाणी आधी नळाला जातं आणि तलाव भरून वाहिले तरच नदीला मिळतं.

या व्यवहारात रानाचा मात्र फायदा झाला. प्यायच्या पाण्याचं पाणलोट म्हणून तलावांभोवतीची झाडी राखली गेली. आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबट्या फिरतो, त्याचं थोडं श्रेय मुंबईकरांच्या तहानेला द्यायला हवं.

नदीचं तोंड या तलावांच्याही आधी आवळलं गेलं होतं. शीव-कुर्ल्याचा बांधरस्ता 19व्या शतकाच्या आरंभीचा, माहीम-वांद्र्याचा 1845चा. या दुसऱ्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी पैसे दिले आणि अट घातली, वाटसरूंकडून टोल घ्यायचा नाही. आजच्या महाराष्ट्रात ही अट कुणी मान्य केली असती का, कोण जाणे!

उरलं मधलं खोरं. नदीची सगळी लांबी मिळून जेमतेम 18 किलोमीटर. पवई, साकीनाका, कुर्ला, कलिना असं एकेक उपनगर काठाशी सरकत आलं. सांताक्रूझची धावपट्टी वाढली तेव्हा नदी तिच्याखाली गेली. 1970च्या दशकानंतर खाजणात भराव पडला आणि वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. पुराचं पाणी पसरायची जागा हीच होती.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. कुलाब्याला 74 सुद्धा नाही. तलाव ओसंडले, खाडीला भरती होती, आणि पाणी कुर्ला-कलिन्याच्या घरांत शिरलं. पुढच्याच महिन्यात मिठीसाठी प्राधिकरण नेमलं गेलं. माधवराव चितळे समितीने कारणं शोधली. मग पात्र रुंद आणि खोल करण्याची कामं निघाली, काठांना भिंती आल्या. धावपट्टी हलवणं मात्र कुणाच्याच हातात नव्हतं.