आई-वडिलांना बोलावण्याचा हक्क

अमेरिकेचे नागरिक असलेल्या आणि वयाची २१ वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला किंवा मुलीला आपल्या आई-वडिलांना तिथे कायमचे राहायला बोलावता येते. अशा आई-वडिलांच्या व्हिसांवर संख्येची मर्यादा नाही. तरतूद उदार वाटते. पण तिचा इतिहास तपासला तर दिसते की, आई-वडिलांची वाट मुलाच्या नागरिकत्वातून जाते आणि भारतीयांची अडवणूक नेमकी तिथेच होत आली आहे.

१९१७ च्या कायद्याने अमेरिकेत येणाऱ्यांवर साक्षरतेची अट घातली. मात्र आई, आजी आणि ५५ वर्षांवरील वडील-आजोबांना त्यातून सूट होती. निरक्षर आईला मुलापासून तोडू नये, इतके भान कायदा करणाऱ्यांना होते. पण त्याच कायद्याने आशियाचा मोठा भूभाग प्रतिबंधित ठरवला आणि भारत त्यात आला. विद्यार्थी, व्यापारी, प्रवासी असे काही अपवाद सोडले तर दार बंद झाले. इटलीतल्या निरक्षर आजीला मिळालेली सवलत पंजाब किंवा बंगालमधल्या आजीच्या काहीच कामाची नव्हती.

पुढे १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून तो नागरिकत्वाला पात्र नाही असा निकाल दिला. आधी मिळालेले नागरिकत्वही अनेकांकडून काढून घेण्यात आले. पुढच्याच वर्षी आलेल्या १९२४ च्या कायद्याने नागरिकत्वाला अपात्र असलेल्यांचे स्थलांतरच रोखले.

या काळात सिल्हट, नोआखाली भागातले मुस्लिम खलाशी ब्रिटिश जहाजांवरून न्यूयॉर्कच्या बंदरात उतरत. भट्टीजवळच्या जीवघेण्या कामाला कंटाळून काही जण जहाज सोडून तिथेच राहिले. कारखान्यांत, हॉटेलांत राबले. हार्लेममध्ये प्यूर्टो रिकन आणि कृष्णवर्णीय स्त्रियांशी निकाह करून त्यांनी संसार थाटले. पण गावाकडच्या अम्मी-अब्बांना बोलावण्याचा कायदेशीर मार्ग त्यांच्याकडे नव्हता.

नागरिकत्वाच्या मागणीसाठी पुढे आलेल्यांत जे. जे. सिंग आणि मुबारक अली खान यांच्याबरोबरच पूर्वाश्रमीचे खलाशी इब्राहिम चौधरी हेही होते. २ जुलै १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी लूस-सेलर कायद्यावर सही केली. भारतीयांना नागरिकत्व मिळू लागले, पण नव्याने येणाऱ्यांचा कोटा वर्षाला अवघा १०० ठेवला गेला. १९५२ च्या कायद्यात नागरिकाची पत्नी आणि अल्पवयीन मुले कोट्याबाहेर होती. आई-वडिलांना प्राधान्य होते, पण कोट्याच्या आत. म्हणजे कायद्याच्या लेखी कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि लहान मुले. म्हातारे आई-वडील त्यांच्यानंतर.

१९६५ च्या कायद्याने हे बदलले. २१ वर्षांवरील नागरिकाच्या आई-वडिलांना संख्येच्या मर्यादेतून वगळले गेले. यामागे केवळ माणुसकी नव्हती. ओहायोचे काँग्रेस सदस्य मायकेल फीगन यांनी कौशल्यापेक्षा नात्याला अग्रक्रम मिळावा असा आग्रह धरला. नातेवाईक बोलावणारे बहुतेक युरोपीय वंशाचेच असतील आणि देशाचा चेहरामोहरा फारसा बदलणार नाही, असा त्यामागचा हिशेब होता. तो चुकला. याच कायद्यातील कौशल्याच्या तरतुदींतून भारतीय डॉक्टर, इंजिनिअर आले, नागरिक झाले आणि त्यांनी आई-वडिलांना बोलावले. युरोपला डोळ्यासमोर ठेवून केलेली तरतूद आशियाच्या कामी आली.

आज वंशाची अट नाही. पण ग्रीन कार्डधारकाला आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. आधी नागरिकत्व हवे आणि त्यासाठी ग्रीन कार्ड मिळाल्यावर साधारण पाच वर्षे थांबावे लागते. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांवर प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे. भारतातून अर्ज करणारे प्रचंड असल्याने रांग अनेक वर्षांची झाली आहे. नागरिक झाल्यावरही, १९९६ च्या कायद्यानुसार, आई-वडिलांचा खर्च उचलण्याची कायदेशीर हमी द्यावी लागते. त्यासाठी दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्न दाखवावे लागते.

म्हणजे कायदा आई-वडिलांना रांगेत उभे करत नाही, मुलाला करतो. तिशीत गेलेला मुलगा पन्नाशीत नागरिक होतो, तेव्हा आई ऐंशीच्या घरात असते. तोवर तिच्या वाट्याला येतो तो पाहुण्यांचा व्हिसा आणि सहसा सहा महिन्यांचा मुक्काम.