क्रेव्हन कॉटेज: जायचं कसं, बसायचं कुठं, बघायचं काय

लंडनला ऑनसाइट आलेल्या दर तिसऱ्या मित्राचा एकच प्रश्न असतो, "अरे, एखादी फुटबॉल मॅच बघायचीय, कुठे जाऊ?" आर्सेनल, चेल्सी वगैरेंची तिकिटं मिळवता मिळवता व्हिसा संपतो. म्हणून मी सगळ्यांना एकच उत्तर देतो: फुलहॅम. ग्राउंडचं नाव क्रेव्हन कॉटेज. एकदाच सगळं लिहून ठेवतो, म्हणजे परत परत सांगायला नको.

आधी कामाचं. तिकीट क्लबकडूनच घ्या. बाहेर उभ्या असलेल्या 'ब्लॅक'वाल्याकडून घेऊ नका. १९९४ च्या कायद्यानं फुटबॉलची तिकिटं अशी परस्पर विकणं हा इथे गुन्हा आहे. डिस्ट्रिक्ट लाइननं पटनी ब्रिजला उतरा आणि गर्दीच्या मागोमाग बिशप्स पार्कमधून थेम्सच्या काठानं चालत राहा. पंधराएक मिनिटांचा रस्ता आहे, आणि खरं सांगू का, अर्धे पैसे त्या चालण्यातच वसूल होतात. पटनीच्या बाजूच्या गोलमागे पाहुण्या टीमचे लोक बसतात, तिथलं तिकीट चुकून घेऊन फुलहॅमच्या गोलवर उड्या मारू नका. बिअर घेऊन जागेवर येता येत नाही, मैदान दिसेल अशा ठिकाणी दारू पिण्यावर १९८५ पासून बंदी आहे.

आता बसायचं कुठं. जॉनी हेन्स स्टँडमध्ये. हेन्स हा फुलहॅमचा लाडका खेळाडू. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये कुठल्याही फुटबॉलपटूला आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त पगार देता येत नसे. ती मर्यादा उठली आणि हेन्सला आठवड्याचे १०० पौंड मिळायला लागले. (मर्यादा उठवण्यासाठी भांडणारा जिमी हिल हाही फुलहॅमचाच. अप्रायझलच्या सीझनमध्ये मला याची फार आठवण येते.) स्टँड मात्र हेन्सच्याही खूप आधीचा, १९०५ सालचा आहे. खुर्च्या लाकडी, अरुंद, गुडघे समोरच्याच्या पाठीत. मध्ये लोखंडी खांब, त्यातला एखादा नेमका तुमच्या आणि गोलच्या मध्ये येणार. तरीही तिथेच बसा.

पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याबरोबर ऑफिसातला एक मल्याळी मित्र होता, फुटबॉलवेडा. तो मैदानाकडे बघत होता आणि मी छताच्या कैच्यांकडे. हे कुणी बांधलं असेल, असा प्रश्न पडला. घरी येऊन शोधलं आणि शनिवारची रात्र त्यातच गेली.

बांधणाऱ्याचं नाव आर्चिबाल्ड लीच. जन्म १८६५, ग्लासगो. पेशानं इंजिनिअर, काम कारखाने बांधण्याचं. आपल्या शेजारी सिलोनमध्ये त्यानं चहाचे कारखानेसुद्धा डिझाइन केले होते. मग त्याच्या आवडत्या क्लबचं, रेंजर्सचं, आयब्रॉक्स हे नवं मैदान त्याच्याकडे आलं. लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर हजारो माणसं उभी.

५ एप्रिल १९०२. स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. आदल्या रात्री जोरदार पाऊस झालेला. मॅच सुरू असताना पश्चिमेकडच्या उंच भागातल्या फळ्या खचल्या, भगदाड पडलं आणि माणसं खाली कोसळली. २५ जण गेले, पाचशेहून जास्त जखमी झाले. लीच स्वतः त्या दिवशी मैदानावर होता. मॅच थोडा वेळ थांबवून पुन्हा खेळवली गेली! नंतर तो निकाल धरला नाही, ते सोडा.

खटला लाकूड पुरवणाऱ्या कंत्राटदारावर झाला. ठरल्यापेक्षा हलकं पाइनचं लाकूड वापरलं, असा आरोप होता. लीचनंही बोट लाकडाकडेच दाखवलं. दुसऱ्या जाणकारांचं म्हणणं होतं की डिझाइनच कच्चं होतं. कंत्राटदार निर्दोष सुटला. दोष कोणाचा, हे कायमचं अधांतरी राहिलं.

हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला. गेल्या वर्षी मी केलेल्या एका बदलामुळे एका क्लायंटची सिस्टिम रात्रभर बंद होती. कोणी मेलं नाही, चार मॅनेजर ओरडले इतकंच. पण दुसऱ्या दिवशी कॉलवर माझंही पहिलं वाक्य "टेस्टिंग टीमनं बघायला हवं होतं" हेच होतं. लीचनं मात्र नंतर रेंजर्सना पत्र लिहिलं: झाल्या प्रकारानं मी फार व्यथित आहे, पण पुन्हा बांधायचं काम मलाच द्या. आणि त्यांनी दिलं! मी क्लायंट असतो तर दिलं असतं का? प्रामाणिकपणे सांगतो, नाही.

यानंतरचा लीच वेगळा आहे. उभ्या प्रेक्षकांसाठी पोकळ लाकडी मचाणं त्यानं सोडली. मातीचे भक्कम भराव, त्यावर पायऱ्या आणि गर्दीचा रेटा अडवायला ठरावीक अंतरावर लोखंडी कठडे आले. अशा कठड्यांचं त्यानं पेटंटही घेतलं. फुलहॅमचा जुना स्टँड इतका डुगडुगता होता, की लंडन काउंटी कौन्सिलनं क्लबला कोर्टात खेचलं. तेव्हा १९०५ मध्ये क्लबनं बोलावलं कुणाला, तर लीचला. रस्त्याच्या बाजूनं लाल विटांची देखणी भिंत आणि कोपऱ्यात ते टुमदार 'कॉटेज'. ड्रेसिंग रूम्स काढायला तो विसरला म्हणून कॉटेज बांधावं लागलं, अशी दंतकथा सांगतात. खेळाडू आजही तिथूनच मैदानात उतरतात. पुढे ओल्ड ट्रॅफर्ड, अ‍ॅनफिल्ड, गुडिसन पार्क, सगळीकडे त्याचा हात लागला. १९३९ मध्ये तो वारला.

गोष्ट इथे संपली असती तर किती छान झालं असतं. पण ब्रॅडफर्डचं व्हॅली परेड मैदानही त्याचंच होतं. तिथला लाकडी स्टँड सत्तरहून अधिक वर्षं उभा राहिला. फळ्यांच्या फटींतून खाली कचरा साचत गेला, कोणी काढला नाही. १९८४ मध्ये काउंटी कौन्सिलनं पत्रानं इशाराही दिला होता. ११ मे १९८५ ला खाली पडलेल्या ठिणगीनं काही मिनिटांत पूर्ण स्टँड पेटला. मागची बाहेर पडायची बरीच दारं बंद होती. ५६ माणसं गेली. नव्या छताचं स्टील आणून ठेवलेलं होतं, त्या मॅचनंतर काम सुरू होणार होतं.

मुंबईकरांना हे ओळखीचं वाटेल. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर, पावसात, जिन्यात चेंगरून २३ जण गेले, तेव्हाही नवा पूल मंजूर झालेला होता.

ब्रॅडफर्डचा दोष लीचला द्यायचा का? मला नाही वाटत. मरून ४६ वर्षं झालेल्या माणसानं खालचा कचरा कसा उचलायचा? आयब्रॉक्सचा मात्र त्याच्याच खात्यात धरतो मी, लाकूड कसलंही असो.

हेन्स स्टँड १९८७ पासून संरक्षित वास्तू आहे, त्यामुळे पाडायची भीती नाही. समोर नदीकाठी चकाचक रिव्हरसाइड स्टँड झालाय, तिथली तिकिटं बघून डोळे पांढरे होतात. आधीचे मालक फायेद यांनी २०११ मध्ये ग्राउंडवर मायकेल जॅक्सनचा पुतळा बसवला होता, तो नव्या मालकांनी २०१३ मध्ये हलवला. चुकवलंत असं काही नाही.

परवा पुन्हा गेलो होतो. लाकडी फरशीवर हजारो लोक एकदम पाय आपटतात, तेव्हा तो आवाज पाठीच्या कण्यातून वर येतो. शेवटची शिट्टी वाजल्यावर मित्र म्हणाला, "चल लवकर, ट्यूबला गर्दी होईल." मी घड्याळ लावलं होतं. आमच्या रांगेपासून स्टीव्हनेज रोडपर्यंत पोचायला सहा मिनिटं लागली. दारं सगळी उघडी होती आणि प्रत्येक दाराशी पिवळ्या जाकिटातला एक जण उभा होता.