समस्याधिष्ठित वैद्यकीय शिक्षण : संस्थेची निवड आणि खर्चाचा भार

प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकीय शिक्षणात ज्या सुधारणा झाल्या, त्यांत समस्याधिष्ठित अध्ययनपद्धतीचे स्थान महत्त्वाचे मानले जाते. या पद्धतीची चर्चा बहुधा अध्यापनशास्त्राच्या अंगाने होते. विद्यार्थी स्वावलंबी होतो काय, मूलभूत विज्ञानाचे ज्ञान त्याला पुरेसे मिळते काय, असे प्रश्न विचारले जातात. ही पद्धती राबविण्याचा खर्च कोणी सोसला आणि अशा महाविद्यालयाची निवड करणे कोणाला परवडले, हा प्रश्न मात्र मागे राहतो. कॅनडातील मॅकमास्टर आणि नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट या दोन विद्यापीठांच्या इतिहासाच्या आधारे त्याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

अब्राहम फ्लेक्सनर यांच्या १९१० च्या अहवालानंतर उत्तर अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाला एक ठरावीक घडण प्राप्त झाली. आरंभीची दोन वर्षे शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन इत्यादी शास्त्रे व्याख्यानांतून शिकायची आणि त्यानंतर रुग्णालयात पाऊल टाकायचे, अशी ती घडण होती. समस्याधिष्ठित पद्धतीने हा क्रम उलटविला. पाच-सहा विद्यार्थ्यांच्या गटापुढे प्रारंभापासूनच एखाद्या रुग्णाची समस्या ठेवली जाते. ती समजून घेण्यासाठी आपल्याला काय ठाऊक नाही, हे गट स्वतः ठरवितो, अभ्यास करून पुन्हा एकत्र येतो आणि मिळविलेले ज्ञान त्या समस्येला लावून पाहतो. मार्गदर्शक शिक्षक व्याख्यान देत नाही. तो चर्चेला दिशा देतो. साहजिकच शंभर विद्यार्थ्यांसाठी एका व्याख्यात्याऐवजी पंधरा-वीस मार्गदर्शकांचा वेळ खर्ची पडतो. या पद्धतीच्या अर्थकारणाचे मूळ येथे आहे.

मॅकमास्टर : सार्वजनिक निधीतून उभा राहिलेला प्रयोग

न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या अध्यक्षतेखालील राजकीय आयोगाने १९६४ मध्ये कॅनडात सर्वांसाठी आरोग्य विमा योजनेची शिफारस केली. अशी योजना राबवायची तर डॉक्टरांची संख्या वाढविणे क्रमप्राप्त होते. त्यासाठी केंद्र शासनाने १९६६ मध्ये ५० कोटी डॉलरचा आरोग्य साधनसंपत्ती निधी उभारला. आरोग्यशिक्षणाच्या इमारती व सुविधा यांच्या खर्चाचा निम्म्यापर्यंतचा वाटा या निधीतून मिळू शकत असे. हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय याच विस्ताराच्या काळात आकाराला आले.

१९६५ मध्ये जॉन इव्हान्स यांची संस्थापक अधिष्ठाता म्हणून नियुक्ती झाली. विल्यम स्पॉल्डिंग, जेम्स अँडरसन, विल्यम वॉल्श व फ्रेझर मस्टर्ड हे त्यांचे प्रमुख सहकारी होत. नव्या संस्थेला जुने विभाग, जुने हितसंबंध आणि जुन्या वेळापत्रकाचे ओझे नव्हते. अभ्यासक्रमाची सूत्रे विषयवार विभागांकडे न देता आंतरविभागीय समित्यांकडे सोपविण्यात आली. त्यामुळे मार्गदर्शनासाठी दिलेला शिक्षकाचा वेळ हे विभागाचे नव्हे, तर संस्थेचे काम ठरले. १९६९ मध्ये पहिल्या तुकडीत केवळ २० विद्यार्थी दाखल झाले. एवढ्या लहान वर्गासाठी एवढे शिक्षक नेमणे सार्वजनिक निधीच्या पाठबळावाचून शक्य झाले नसते.

निवडीची पद्धतीही वेगळी होती. विशिष्ट विज्ञान विषयांची पूर्वअट ठेवण्यात आली नाही. अर्जदाराचे आत्मवृत्तपर पत्र, मुलाखत आणि गटचर्चेतील वर्तन यांना महत्त्व देण्यात आले. मूल्यमापनात शिक्षकांबरोबर विद्यार्थी व सामान्य नागरिक यांचाही सहभाग होता.

अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. विद्यार्थ्याच्या आर्थिक गणितावर याचा दुहेरी परिणाम झाला. एका वर्षाचे शुल्क व राहण्याचा खर्च वाचून कमाईला लवकर प्रारंभ होत असे. उलटपक्षी, दीर्घ उन्हाळी सुट्ट्या नसल्याने सुट्टीत काम करून पैसे मिळविण्याची वाट जवळजवळ बंद होत असे. ज्याच्यामागे कुटुंबाचे बळ वा कर्जाची सोय होती, त्याला ही बचत खरी बचत ठरे.

मास्ट्रिख्ट : खाणींच्या अस्तानंतरची पुनर्रचना

नेदरलँड्समधील लिम्बर्ग प्रांताची अर्थव्यवस्था कोळशाच्या खाणींवर उभी होती. १९६५ मध्ये शासनाने खाणी बंद करण्याचे धोरण जाहीर केले आणि १९७४ च्या अखेरीस शेवटची खाण बंद झाली. प्रांताच्या पुनर्वसनासाठी ज्या मागण्या पुढे आल्या, त्यांत नव्या विद्यापीठाची मागणी प्रमुख होती. मास्ट्रिख्ट येथे वैद्यकीय विद्याशाखेचे अध्यापन सप्टेंबर १९७४ मध्ये, म्हणजे विद्यापीठाला औपचारिक मान्यता मिळण्यापूर्वीच, सुरू झाले. विद्यापीठाची अधिकृत स्थापना जानेवारी १९७६ मध्ये झाली. देशातील जुन्या विद्यापीठांपुढे स्वतंत्र ओळख निर्माण करण्यासाठी या संस्थेने समस्याधिष्ठित पद्धती स्वीकारली.

येथील निवडप्रक्रिया मॅकमास्टरहून पूर्णतः भिन्न होती. १९७० च्या दशकापासून त्या देशात वैद्यकीय प्रवेश सोडतीने ठरत. अधिक गुण असणाऱ्यांना सोडतीत अधिक संधी मिळे. शुल्क शासन ठरवीत असे व ते सर्वत्र सारखे होते. निवडीची इतकी भिन्न रीत असूनही तीच अध्यापनपद्धती तेथे रुजली. दोन्ही ठिकाणी समान होता तो सार्वजनिक खर्चाचा आधार.

खर्च, परिणाम आणि शुल्कवाढ

पद्धतीचा प्रसार होत असताना तिच्या मर्यादाही स्पष्ट झाल्या. १९७९ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठाने केलॉग प्रतिष्ठानच्या साहाय्याने पारंपरिक अभ्यासक्रमाच्या जोडीला एक लहान तुकडी सुरू केली, तर १९८५ मध्ये हार्वर्डने संमिश्र स्वरूपाचा प्रयोग आरंभिला. १९९३ मध्ये अल्बानीज व मिचेल यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. या पद्धतीचे विद्यार्थी रुग्णविषयक कामगिरीत बरोबरीचे वा सरस ठरतात, परंतु मूलभूत शास्त्रांच्या परीक्षेत काही वेळा मागे पडतात, असे त्यांना आढळले. वर्ग शंभराहून मोठा असल्यास खर्चाचा प्रश्न बिकट होतो, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मॅकमास्टरच्या पदवीधरांचे राष्ट्रीय परवाना परीक्षेतील अपयश चिंताजनक झाले होते. त्यावर उपाय म्हणून १९९० च्या दशकारंभी मास्ट्रिख्टच्या धर्तीवर नियतकालिक प्रगती-चाचणी सुरू झाली आणि अपयशाचे प्रमाण घटले.

दरम्यान खर्चाचा भार सरकला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑन्टारियो शासनाने वैद्यकीय शुल्कावरील नियंत्रण सैल केले आणि काही वर्षांतच शुल्क दुपटीहून अधिक झाले. २००२ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात यासंबंधीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑन्टारियोतील ज्येष्ठ विद्यार्थ्यांत ४० हजार डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. नव्या विद्यार्थ्यांत ते १५ टक्के आढळले. मॅकमास्टरने पात्रतेची व्याख्या रुंद करून उघडलेले दार वाढत्या शुल्काने पुन्हा अरुंद होऊ लागले, असे म्हणता येईल.

महाराष्ट्राच्या संदर्भात

मॅकमास्टरची पहिली तुकडी दाखल झाली त्याच १९६९ या वर्षी डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तिने समस्याधिष्ठित अभ्यासक्रम स्वीकारला नसला, तरी ग्रामीण आरोग्याशी बांधिलकी, पूर्वीच्या प्रवेशपरीक्षेतील गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आणि केंद्र शासन ५० टक्के, राज्य शासन २५ टक्के व कस्तुरबा हेल्थ सोसायटी २५ टक्के अशी खर्चाची विभागणी, यांतून ध्येय, निवड आणि निधी यांची सांगड घालण्याचा प्रयत्न येथेही दिसतो. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित महाविद्यालयांचा विस्तार झाला व खर्चाचा मोठा वाटा पालकांवर आला. राष्ट्रीय पात्रता परीक्षेमुळे प्रवेश गुणक्रमाशी जोडला गेला. परिणामी विद्यार्थ्याची निवड बहुतांशी गुणक्रम आणि शुल्क यांवर ठरते. तेथे कसे शिकविले जाते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने स्वयंअध्ययन, एकात्मिक अध्यापन व रुग्णाशी लवकर परिचय यांचा पुरस्कार केला आहे. मात्र दीडशे-दोनशे विद्यार्थ्यांच्या वर्गात लहान गटांसाठी लागणारा शिक्षकांचा वेळ कोठून येणार, याचे उत्तर अभ्यासक्रमाच्या आराखड्यात मिळत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, समस्याधिष्ठित पद्धती नव्या संस्थांत, लहान तुकड्यांत आणि सार्वजनिक निधीच्या आश्रयाने वाढली. अध्यापनाची पद्धत उसनी घेता येते. तिच्यामागची अर्थव्यवस्था मात्र स्वतः उभी करावी लागते. ती उभी न करता पद्धती स्वीकारली, तर गटचर्चा वेळापत्रकात उरते आणि शिक्षक व्याख्यानाकडे वळतो. तिचा खर्च सर्वस्वी विद्यार्थ्यावर टाकला, तर ज्या समाजाच्या सेवेसाठी ती जन्माला आली, त्याच समाजातील मुले तिच्यापासून दूर राहतात. वैद्यकीय शिक्षणाच्या सुधारणेची चर्चा करताना अभ्यासक्रमाबरोबर त्याच्या खर्चाचा ताळेबंदही मांडला जाणे म्हणूनच अगत्याचे आहे.