काश्मीरच्या नद्यांतील पाहुणा

राजे, तह आणि लढाया यांचा इतिहास आपण लहानपणापासून पाठ करीत आलों; परंतु माशांनाहि इतिहास असतो, हें सहसा आपल्या ध्यानीं येत नाहीं. काश्मीरांतील लिद्दर, सिंध, ब्रिंगी या नद्यांत ज्या ट्राउट माशासाठीं हौशी लोक दूरदेशाहून येतात, तो तेथील मूळचा रहिवासी नव्हे. त्याला तेथें येऊन उणींपुरीं सव्वाशें वर्षें झालीं आहेत.

ट्राउटला थंड, स्वच्छ व खळाळतें पाणी लागतें. हिंदुस्थानांत चाकरीस आलेल्या इंग्रजांस डोंगरांतील ओढे पाहून मायदेशच्या नद्या आठवत. पण त्यांत त्यांचा आवडता मासा नसे. फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञानें १८६० नंतरच्या दशकांत तो निलगिरीवर आणण्याचा यत्न केला, परंतु यश आलें नाहीं. खरी अडचण समुद्रप्रवासांतील उष्म्याची होती. तिच्यावर तोड निघाली ती टास्मानियाच्या बाबतींत. शेवाळांत गुंडाळून बर्फावर ठेवलेलीं अंडीं १८६४ सालीं 'नॉरफोक' जहाजानें विलायतेहून तेथें जिवंत पोंचविलीं. थंडीनें अंड्यांतील जिवाची वाढ मंदावते व प्रवासाचे दिवस निभावून जातात, हें त्यांतील मर्म.

महाराजा प्रतापसिंह यांच्या कारकीर्दींत काश्मीरनें हाच मार्ग धरला. बेडफर्डच्या ड्यूकनें १८९९ सालीं भेट म्हणून धाडलेलीं दहा हजार अंडीं वाटेंतच मेलीं. १९०० च्या अखेरीस स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप मात्र जगली. श्रीनगरांत गालिच्यांचा कारखाना चालविणारे मिचेल या कामांत अग्रेसर होते. पुढें दाचीगामच्या ओढ्याच्या पाण्यावर हारवन येथें पिलांची पैदास होऊं लागली, आणि तेथून हा पाहुणा नदीनदींत पसरला.

त्याला पकडण्याची रीतहि त्याच्याबरोबर आली. गळाला गांडूळ न लावतां पिसें व रेशीम बांधून कीटकाची हुबेहूब प्रतिकृति करावयाची, आणि ती अलगद प्रवाहावर टाकावयाची. ही कृत्रिम माशी इतकी हलकी असते कीं, ती स्वतःच्या वजनानें दूर जातच नाहीं. जड दोरीच तिला वाहून नेते. विद्या मात्र जुनी आहे. मॅसिडोनियांतील लोक लाल लोंकर व कोंबड्याचीं पिसें गळास बांधून मासे धरीत, असें ईलियन या रोमन ग्रंथकारानें सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं लिहून ठेविलें आहे.

परंतु नुसत्या माशीनें काम भागत नाहीं. कोणत्या डोहांत, कोणत्या खडकाच्या आडोशास मासा दबा धरून असतो, हें परक्यास काय ठाऊक? त्यासाठीं वाटाड्या लागतो. काश्मीरांत त्याला 'शिकारी' म्हणत. तो पाण्यांतला दगड उलटून खालचे किडे पाही, त्यांवरून त्या दिवशींची माशी निवडी, आणि साहेब घसरूं नये म्हणून कमरभर गार पाण्यांत पुढें उभा राही. साहेबांच्या आठवणींत त्याचा उल्लेख बहुधा 'माझा शिकारी' एवढाच येतो. अंडीं धाडणाऱ्या ड्यूकचें नांव राहिलें. नदी वाचून दाखविणाऱ्यांचीं नांवें मात्र वाहून गेलीं.

दुसरा विसर याहून गंभीर आहे. या नद्या कांहीं ओसाड नव्हत्या. शायझोथोरॅक्स कुळांतील देशी मासे तेथें पूर्वापार नांदत होते व कांठच्या लोकांच्या पोटास पडत होते. १९०३ सालीं संस्थानानें मत्स्यकायदा केला. ट्राउटच्या पाण्यांत परवान्यावांचून गळ टाकणें गुन्हा ठरलें. पाहुणा घरधनी झाला, आणि घरचा माणूस आगंतुक! खुद्द ट्राउटहि मोठा खादाड. स्थानिक जातींस सर्वाधिक उपद्रव देणाऱ्या जगांतील शंभर परकीय जीवांच्या प्रसिद्ध यादींत त्याचें नांव आहे.

म्हणून त्याला हांकून द्यावा काय? तें आतां शक्य नाहीं, आणि त्याच्यावर पोट असलेल्या वाटाड्यांच्या व मत्स्यपालकांच्या दृष्टीनें इष्टहि नाहीं. इतिहासाचें काम निवाड्यापेक्षां स्मरणाचें अधिक आहे. ट्राउटची कथा सांगतांना बर्फाच्या पेटीबरोबर त्या अनाम शिकाऱ्याची आणि हटलेल्या देशी माशाचीहि कथा सांगितली, म्हणजे ती पुरी झाली.